हमीदाआपाची पट्टी

हमीदाआपा कुणाच्याही घरी गेली की आधी लेकराशी बोलायची, मग आईशी. बाप समोर बसलेला असला तर त्याचा नंबर शेवटी. आणि सासू असली तर तिच्याशी ती बोलायचीच नाही, फक्त तिच्या डब्यातली सुपारी न विचारता उचलून तोंडात टाकायची. एकदा मी म्हटलं, "आपा, हे बरं दिसत नाही." तर म्हणाली, "कंपाउंडरभाऊ, सासूशी बोललं का भांडण होते. सुपारी खाल्ली का नातं होते. तुमाले काय पाह्यजे?"

मी वाशीमकडच्या एका गावात दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि ती तिथंच दाई होती. दुसऱ्या लढाईच्या आगेमागेची ही वर्षं. पिंजाऱ्याच्या घरातली बाई. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. अकोल्याला जाऊन दाईचं शिकून आली होती. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज घोगरा. पांढरं लुगडं, काळी छत्री. चपला मात्र पायापेक्षा हातातच जास्त असायच्या. गावाची शीव आली की घालायची, गावाबाहेर पडली की काढायची. चपला झिजतात, पाय झिजत नाहीत, असा तिचा हिशेब होता. तिच्याबरोबर किन्हीराजाकडं किंवा शिरपूरकडं पायी निघालं की माझी बूट घालून दमछाक व्हायची आणि ती पुढं जाऊन एखाद्या बांधावर माझी वाट बघत बसलेली असायची.

ती कशासाठी एवढी हिंडायची ते सांगितलं पाहिजे, कारण आता ते कुणाला खरं वाटत नाही. आमच्याकडं तान्ह्या लेकरांना अफू देत असत. चोरून नाही, लपून नाही. आई शेतात निंदणाला जाणार किंवा कापसाच्या दिवसांत जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाणार, तर सकाळी अफूची बारीकशी गोळी आईच्या दुधात कालवून पोराच्या जिभेला लावायची. पोर दुपारपर्यंत निपचित. परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळायची. अफूबाज म्हणजे दुकानाच्या भिंतीला टेकून बसलेले म्हातारे, त्यांना लोक नावं ठेवत. लेकराच्या गोळीला कुणी व्यसन म्हणतच नव्हतं. माझ्या आईनंही मला दिली होती आणि ती ते कौतुकानं सांगायची, "तुवा तं मले काई तरासच नाई देल्ला." मी शाळेत मागं का पडलो याचं कारण आमच्या घरी मग कुणी शोधलं नाही.

आपाची परीक्षा सोपी होती. पोर कडेवर घेऊन ती दारात उजेडाकडं यायची, त्याच्या डोळ्यांवर तळहात धरायची, चार आकडे मोजायची आणि हात काढायची. साध्या पोराच्या डोळ्यातली बाहुली अंधारात मोठी होते आणि उजेडात लहान. गोळीवरच्या पोराची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असते आणि तेवढीच राहते. मग ती आईला रागावायची नाही. एवढंच म्हणायची, "रडू देत जा वं याले. रडते ते लेकरू जितं असते."

आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण आणि तळमळीचे. त्यांनी आल्या आल्या बाजाराच्या दिवशी बायका जमवून भाषण केलं. अफू हे विष आहे, उद्यापासून बंद करा. काही बायकांनी खरंच बंद केली. चार दिवसांत दवाखान्याच्या ओट्यावर रांग लागली. पोरांना हगवण, ओकाऱ्या, आणि रडणं असं की मला औषधाची पुडी बांधता येईना. पाचव्या दिवशी बायकांनी आपापल्या घरी गोळी पुन्हा सुरू केली आणि पोरं गप्प झाली. डॉक्टर बिचारे डोकं धरून बसले. आपा त्यांना म्हणाली, "सायब, सासरी आलेल्या पोरीले एका दिवसात चूल सोपवत नाई. इथं तं तुमी लेकराले एका दिवसात उपाशी ठेवलं."

"मग काय करायचं?"

"लहान करत जायाची."

दुसऱ्या दिवशी ती ओच्यात धान्य घेऊन आली. माझ्याकडून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा मागितला, डिंक मागितला आणि ओट्यावर बसून पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीनं पाच दाणे चिकटवले. मूग, ज्वारी, बाजरी, मोहरी, खसखस. आईनं आपली गोळी दाण्याशेजारी ठेवून बघायची. ज्या दाण्याएवढी असेल तिथून सुरुवात, आणि दर पंधरा दिवसांनी एक दाणा खाली. खसखस संपली की पट्टी परत द्यायची. डॉक्टर हसून म्हणाले, "आपा, खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी." आपा म्हणाली, "मंग बरंच झालं. पाहुणा ज्याच्या घरचा त्याच्याच घरी पोचला."

त्या हिवाळ्यात मी किती पट्ट्या चिकटवल्या कोण जाणे. माझ्या बोटांना कायम डिंक. काही पट्ट्या मुंग्यांनी खाल्ल्या, एक कोंबडीनं टिपली. शेलूकडच्या एका घरी पोर महिनाभर मोहरीवरच अडलं, बाहुली काही मोठी होईना. आपानं पट्टी मागवून बघितली तर मोहरीच्या जागी भरदार मूग बसवलेला. पोराच्या आजीचं काम. आपा म्हातारीला रागावली नाही. आपला नेम मोडून तिनं त्या म्हातारीलाच म्हटलं, "माय, सुनेचा हात जड हाय, तिले गोळी करता येत नाई. उद्यापासून तूच करत जाय." म्हातारी फुगली आणि मग इतक्या इमानानं गोळी करू लागली की ते पोर सगळ्यांच्या आधी सुटलं. हा प्रसंग आपा सांगायची तेव्हा स्वतःच आधी हसायची आणि आम्हाला शेवट ऐकू यायचाच नाही.

डॉक्टरांना या कामाचा नाद लागला. कोणतं पोर कोणत्या दाण्यावर, वजन किती वाढलं, हगवण किती दिवस, सगळं त्यांना लिहून हवं असायचं. आपाला लिहिता यायचं ते उर्दू. तिच्या वहीतून ती वाचायची, मी मराठीत उतरवायचो, डॉक्टर त्याचं इंग्रजी करायचे. मध्येच आपा थांबून म्हणायची, "हे इथं नोको लिवू, हे मी माझ्यासाठी लिवलं." एकदा मी विचारलं काय लिहिलंय. तर त्या बाईचा नवरा मारतो, असं होतं. "सायबाच्या कामाचं नाई ते," ती म्हणाली. मला वाटतं डॉक्टरांच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा त्या न उतरवलेल्या ओळी जास्त कामाच्या होत्या, पण तेव्हा मी भराभर पुढचं लिहीत गेलो.

जिनातला प्रकार वेगळा होता. पोरं गोळीवरून उतरली की जागी राहायला लागली, आणि जागी राहिली की रडायला लागली. बायका सरकीची टोपली टाकून पोरांकडं धावायच्या. मुकादमानं आपाला फाटकातच अडवलं.

"बाई, तुमी माह्यं काम बंद पाडून राह्यल्या."

"तुह्यं काम अफूवर चालते का कापसावर?" आपा म्हणाली.

"मी कोणाले अफू देत नाई."

"मंग रडू कायले देत नाई?"

तासभर हुज्जत झाली. शेवटी आपानं मागच्या बाजूचं एक रिकामं टिनाचं शेड मागून घेतलं आणि दोन म्हाताऱ्या बायका पोरं सांभाळायला बसवल्या. आया दोन वेळा येऊन पाजून जायच्या. मुकादमानं पुढं हे शेड आपणच काढलं असं सांगायला सुरुवात केली. आपानं ते कधी खोडलं नाही. आपलं म्हणू दे, म्हणजे मोडणार नाही, असं तिचं गणित.

काशी ही याच शेडातली. विशी-बाविशीची, जिनात सरकी भरणारी, नवरा पायानं अधू. पहिली मुलगी चंद्री, सात-आठ महिन्यांची. गोळीवर असताना ती मान टाकून पडलेली असायची. पट्टीवरून उतरत उतरत मोहरीवर आली तशी बसायला लागली, येणाऱ्याजाणाऱ्याचं धोतर ओढायला लागली. माझंही ओढलं एकदा, औषधाच्या बाटल्या हातात असताना. आपाचं तिच्यावर विशेष होतं. "ही खसखशीची नवरी," म्हणायची.

आणि तेवढ्यात सरकारनं आमच्या भागातली अफूची दुकानं बंद केली. वाईट हेतूनं नाही. आम्हीही टाळ्याच वाजवल्या. म्हाताऱ्या अफूबाजांनी नावं नोंदवायची, डॉक्टरांनी तपासायचं, मग त्यांना थोडी अफू कार्डावर. पण तान्ह्या पोरांची नावं कुठं नोंदवणार? कायद्यानं ती अफू खातच नव्हती. पैनगंगेच्या पलीकडं निजामाचं राज्य. महिन्याभरात तिकडची अफू इकडं येऊ लागली, कुणाच्या कमरेत, कुणाच्या भाकरीच्या फडक्यात. त्यात कुणी गूळ घोटायचा, कुणी कात. मोहरीएवढी गोळी देऊन पोरांना काहीच लागेना. हगवण पुन्हा सुरू झाली, चंद्रीलाही. काशी रडकुंडीला येऊन दवाखान्यात आली तेव्हा मी तिथंच होतो. आपानं चंद्रीचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं आणि म्हणाली, "ही अफू नाई, गूळ हाय. दोन घरं वर जाय. ज्वारीएवढी दे, मंग पुन्हा उतरू."

काशीनं तसंच केलं. दहा-बारा दिवस बरे गेले. मग तिच्याकडची अफू संपली आणि तिनं दुसऱ्या माणसाकडून घेतली. ही चोख होती. काशीला काय कळणार? तिनं पट्टीशेजारी गोळी ठेवून बघितली, ज्वारीएवढीच केली, बरोबर तेवढीच. सकाळी शेडात पोर ठेवून ती कामाला गेली. दुपारी पाजायला आली तेव्हा चंद्री निळी पडली होती. आपा धावत आली, मी मागून आलो. आपानं पोर उलटं धरलं, पाठ थोपटली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. बराच वेळ. मग तिनं पोर काशीच्या मांडीवर ठेवलं आणि काशीच्या ओच्यातली पुडी काढून जिभेला लावून बघितली. "यात गूळ नाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, मरणाचं कारण आकडी लिहा. मी रजिस्टरात आकडी लिहिलं. काशीजवळ चोरटी अफू सापडली असती तर पोलीस तिला घेऊन गेले असते, हे कारण होतं आणि खरंही होतं. पण दुसरंही कारण होतं. नागपूरहून कमिटी येणार होती. दुकानं बंद केल्याचा काय परिणाम झाला हे बघायला तिघे जण गावोगाव फिरत होते, आणि डॉक्टरांनी त्यांना पट्टीबद्दल आधीच लिहून कळवलं होतं.

कमिटी यायच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी आपाला बसवून सांगितलं, "उद्या पट्टीचं सगळं सांगा. त्या मुलीचं विचारलंच तर आकडी म्हणा."

"आकडी नव्हती, सायब."

"मला माहीत आहे. पण तुम्ही बोललात तर पट्टी जाईल, तुमची नोकरी जाईल. आणि एकही बाई पुन्हा तुमच्या हातात पोर देणार नाही. याचा विचार करा."

आपानं विचार केलासा दिसला. तिला नोकरीचं काही नव्हतं, पण शेवटच्या वाक्यानं तिचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, "अन् नाई बोलली तं?"

"तर पट्टी वऱ्हाडभर जाईल. विचार करा, किती पोरं सुटतील."

"अन् गावोगावी एक एक चंद्री होईल," आपा म्हणाली आणि छत्री घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डाकबंगल्याच्या व्हरांड्यात कमिटी बसली. मधले गृहस्थ पेन्शनीत निघालेले जज्ज होते, मराठी चांगलं बोलत. दाराशी फौजदार उभा. आपानं चपला पायात घातल्या होत्या. पट्टी टेबलावर ठेवली होती आणि तिघेही ती हातात घेऊन बघत होते.

"याचा उपयोग झाला का, बाई?"

"झाला जी. लय लेकरं सुटली. एक लेकरू मेलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. जज्जांनी टाक खाली ठेवला.

"कशानं मेलं?"

"या पट्टीनं. पट्टी दाणा मोजते, कस मोजत नाई. दुकानातली अफू एका कसाची राहे. आता नदीपलीकडून येते ते आज गूळ, उद्या जहर. हे माह्या ध्यानात याले पाह्यजे होतं. नाई आलं. म्या वरचा दाणा सांगतला."

"म्हणजे दुकानं बंद करणं चूक झालं, असं तुमचं म्हणणं?"

"दुकान बंद केलं ते बरंच केलं. पण तुमी म्हाताऱ्याइले कार्ड देल्लं, लेकराइले काय देल्लं? तान्ह्या लेकरासाठी साल-सहा महिने दवाखान्यातून मोजून एका कसाची द्याले पाह्यजे होती. मंग बंद कराची."

तिघांपैकी एकानं विचारलं, "कुणाचं मूल होतं?"

"ते नाई सांगत."

फौजदार पुढं झाला. "अफू कोणी देल्ली होती?"

"दाणा म्या सांगतला," आपा त्याच्याकडं न बघता जज्जांना म्हणाली. "नाव लिवाचं तं माह्यं लिवा."

जज्जांनी फौजदाराला हातानं मागं केलं. लिहिलं काय ते आम्हाला दिसलं नाही.

मी त्या व्हरांड्यात भिंतीला लागून उभा होतो. मला विचारलं असतं तर मी आकडीच म्हटलं असतं, कारण ते माझ्याच अक्षरात होतं. मला कुणी विचारलं नाही. याचं मला तेव्हा हायसं वाटलं आणि याचीच नंतर आयुष्यभर लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पट्ट्या परत मागवल्या. महिन्याभरात आपाला दवाखान्यातून कमी केलं, कागदावर कारण दुसरंच. आणि बायका खरंच फिरल्या. पोरं शेडात ठेवीनात, झोळ्या बांधून जिनाच्या भिंतीलगत टांगू लागल्या, निपचित. आपानं मुकादमाकडं जाऊन शेडातली पोरं सांभाळायच्या कामाला मजूर म्हणून नाव घातलं. शेडात पोर एकही नव्हतं. ती रोज येऊन झाडायची, मडकं भरायची आणि बसायची. मी एकदोनदा गेलो, बाहेरूनच बघून परत आलो.

तिच्याकडं पहिली आली ती काशी. तिच्याजवळ आणायला पोर नव्हतं. दुपारच्या सुट्टीत आपली भाकर घेऊन ती शेडात येऊन बसली, दुसऱ्या दिवशीही बसली. बायका बघत होत्या. जिची पोरगी गेली तीच तिथं बसून जेवते म्हटल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एकीनं आपलं पोर आणून ठेवलं. मग दुसरीनं. सगळ्या काही आल्या नाहीत.

दोनेक वर्षांनी नागपूरहून दवाखान्यात छापील कागदांचा एक गठ्ठा आला. लहान मुलांची अफू कशी सोडवावी याची माहिती. वर पाच काळे ठिपके मोठ्याकडून लहानाकडं, शेजारी दाण्यांची नावं. खाली जाड अक्षरांत एक वाक्य: अफूचा कस ठाऊक नसल्यास ही पट्टी वापरू नये, मूल दवाखान्यात आणावे, तेथे औषध मोजून मिळेल. आपाचं नाव कुठं नव्हतं, आमच्या डॉक्टरांचंही नव्हतं. माझी बदली पुसदकडं झाली होती आणि दोन दिवसांत निघायचं होतं. एक कागद घेऊन मी जिनात गेलो.

शेडात आठ-दहा पोरं होती. दोन रडत होती, एक आपाच्या पाठीवर चढत होतं. मी तिला कागद वाचून दाखवला. तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मूग लहान छापला." मग विचारलं, "हे खालचं जाड काय हाय?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"हे चंद्रीमुळं आलं ना?"

"हो."

"तिचं नाव हाय का त्यात?"

"नाही, आपा. सरकारी कागदात असं नाव घालत नाहीत."

"मंग तुमी लिवा. आता कोणी विचाराले येत नाई."

मी खिशातली पेन्सिल काढून त्या वाक्याच्या वर, जरा जागा होती तिथं, चंद्री असं लिहिलं. आपानं कागद हातात घेतला, लांब धरून बघितला, पुन्हा माझ्याकडं दिला. "इवलुसं काहून लिवलं?" म्हणाली. मी पुसून मोठं लिहिलं.

पाठीवरचं पोर काखेत घेऊन ती कागद दाखवायला अंगणात गेली, चपला शेडातच राहिल्या. काशी पलीकडं सरकीच्या ढिगाशी टोपलं भरत होती. मी फाटकाशी पोचल्यावर मागं वळून बघितलं. दोघी ढिगाला टेकून बसल्या होत्या आणि कागद काशीच्या मांडीवर होता. काशीनं त्या छापील ओळीवर बोट ठेवलं होतं. आपानं ते बोट धरलं आणि वर, नावावर नेऊन ठेवलं.